उसाच्या पोटातलं पाणी

साहेब, नियमात ‘सरासरी’ हा शब्द तुम्ही घातलात. कुणाच्या सांगण्यावरून घातलात ते तुमचं तुम्हाला ठाऊक, पण शब्द तुमच्या हातचा आहे. त्या एका शब्दाने माळावरच्या बावीस गावांचं पाणी पळवणाऱ्यांना मोकळं रान मिळालं. आणि आता तुमच्याच कार्यालयाचं पत्र म्हणतं, की खडकओहळ साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली कुमुद ढवण ही बाई बेजबाबदार आहे, तिने नियमाबाहेर जाऊन नमुने तपासले, संस्थेची बदनामी केली. पत्र सुबक आहे. एक वेलांटी चुकलेली नाही. फक्त जे घडलं ते त्यात नाही. म्हणून ते इथे सांगावं लागतंय.

कुमुद त्या कारखान्यात बावीस वर्षं केमिस्ट. पहिली दहा वर्षं तिला लोक ‘लॅबमधली पोरगी’ म्हणाले, पुढे ‘ढवणबाई’ म्हणायला लागले. रसाचा थेंब जिभेवर ठेवून ऊस किती दिवसांचा शिळा आहे ते ती सांगायची आणि मग यंत्र लावायची. यंत्राचं आणि तिचं बहुतेक जमायचं. म्हणूनच तीन हंगामांपूर्वी ते नवं यंत्र आलं, तेव्हा यार्डातल्या लोकांनी त्याचं नावच ‘जीभ’ ठेवलं. शिलाई मशीनएवढा डबा, वर एक बारीक नळी. रसाचा थेंब टाकला की चाळीस सेकंदांत आकडा.

आकडा कसला, तर पाण्याचा.

आपण म्हणतो पाणी म्हणजे पाणी, त्यात काय ओळखायचं? पण पाण्यात जो प्राणवायू असतो त्याचे सगळे अणू एका वजनाचे नसतात. पाचशेत एखादा थोडा जड असतो. ऊन लागलं की हलकं पाणी आधी उडतं आणि जड मागे राहतं. त्यामुळे पावसाचं पाणी हलकं. तेच जमिनीत मुरून विहिरीत आलं तरी जवळपास तितकंच हलकं. पण धरणात पसरून महिनोन् महिने उन्हात पडलेलं पाणी दिवसागणिक जड होत जातं. दिवाळीत थोडं, होळीत बरंच, आणि तळाला जे उरतं ते सगळ्यात जड. ऊस जे पाणी पितो, त्यातलाच प्राणवायू तो साखरेत बांधून ठेवतो. पानांतून वाफ जाताना थोडा फरक पडतो, पण हवेतला दमटपणा ठाऊक असला की तेवढा वजा करता येतो. जिभेच्या आत लेझरचा किरण असतो. हलका अणू प्रकाशाची एक छटा गिळतो, जड अणू दुसरी. कोणती छटा किती कमी झाली ते मोजलं की पाण्याचं कूळ कळतं.

आणि जीभ दोन आकडे द्यायची. रसातल्या पाण्यावरून कळायचं, की हा ऊस गेल्या पंधरवड्यात काय प्यायला. रसातल्या साखरेवरून कळायचं, की तो जन्मभर काय प्यायला. माणसाचं इतकं कुणाला कळत नाही.

हे यंत्र आलं कशासाठी, तेही सांगायला हवं. वर्षानुवर्षं साखरेचं अनुदान टनावर होतं. जितके टन साखर बाहेर पाठवाल तितकं अनुदान. टन वाढवायचे तर ऊस वाढवा, ऊस वाढवायचा तर पाणी ओढा. जिथे वर्षाला वीतभर पाऊस पडतो तिथे माणसाला रांगेत उभं करून उसाला पाट सोडले गेले, आणि त्याला विकास म्हटलं गेलं. शेवटी बाहेरच्या देशांनी व्यापाराच्या पंचायतीत तक्रार केली. त्यांना आपली तहान दिसली म्हणून नाही, त्यांची साखर पडून राहायला लागली म्हणून. काही का असेना, टनावरचं अनुदान गेलं आणि नवा नियम आला. ज्या साखरेला ‘पाण्याचा दाखला’ असेल तिलाच अनुदान, तिलाच बंदराचं दार उघडं. दाखल्यासाठी धरायचा तो साखरेचा आकडा, आणि त्याची मर्यादा ठरली पस्तीस. विहिरीवर ठिबक करून वाढवलेल्या उसाचा आकडा पंधराच्या आत येतो, धरणातून बेफाम उपसलेल्या उसाचा साठ-सत्तरच्या पुढे जातो.

नियम चांगला होता, साहेब. चोराला पकडेल असा होता. पण तुम्ही लिहिलंत, की आकडा धरायचा तो ‘कारखान्याच्या मिश्र रसाच्या हंगामी सरासरीचा’.

उसाच्या मुलखात हा शब्द कुणाला खटकला नाही, कारण उताऱ्याचं, म्हणजे टनामागे किती साखर निघते त्याचं, असंच चालत आलंय. कुणाचा ऊस गुळासारखा गोड, कुणाचा गवतासारखा फिका, पण सगळा गाळपाच्या एकाच गव्हाणीत पडतो, त्याचा एकच उतारा निघतो आणि त्याच उताऱ्यावर सगळ्यांचा भाव ठरतो. चांगलं पिकवणाऱ्याने वाईट पिकवणाऱ्याला सांभाळून घ्यायचं, याला सहकार म्हणतात. कुमुदलाही ते खटकलं नाही. तिची चूक तिथून सुरू होते, आणि ती तिने कधी लपवली नाही.

पहिल्या हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात सत्तार ड्रायव्हरची गाडी वजनकाट्यावर आली. ऊस काठचा, म्हणजे धरणाच्या काठावरच्या बागायतदारांचा. कुमुदने मोळीतलं एक टिपरं ओढून रस काढला आणि जिभेवर टाकला. साखरेचा आकडा आला चौऱ्याहत्तर.

“काय बाई, नापास का?” सत्तारने ट्रॅक्टरवरूनच विचारलं.

“तू नाही, तुझा ऊस नापास.”

“मग परत नेऊ? चेअरमनच्या मेव्हण्याचा हाय. परत नेला तर मी नापास हुईन.”

मागे उभे असलेले एमडी जगदाळे हसले. जगदाळे मऊ बोलणारा माणूस. आवाज कधी चढायचा नाही आणि ठरवलेलं काम कधी राहायचं नाही. त्यांनी आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. “ढवणबाई, असा सगळा काठचा ऊस आला तर दाखला गेला आपला. नऊ हजार सभासद आहेत. काहीतरी तोड काढा.”

आणि कुमुदने तोड काढली. यार्डात शिळा ऊस येतो तेव्हा काय करतात? तो ताज्यात मिसळून गव्हाणीत सोडतात, म्हणजे रस एकसारखा राहतो. तिने तेच पाण्याला लावलं. वरच्या माळावरच्या गावांचा ऊस विहिरीवरचा, ठिबकचा, आकडा चौदा-पंधरा. काठची एक गाडी आणि माळाच्या दोन गाड्या एकाच वेळी गव्हाणीत पडल्या, तर मिश्र रस चौतिसावर येतो. तिने एका दुपारी कागदावर तोडणीचा नवा कार्यक्रम मांडला. कुठल्या गटाची तोड कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीला कुठली जोड. खाली सही केली. तिला वाटलं, कारखाना वाचवला.

यार्डात त्या कार्यक्रमाला ‘जोडगाडी’ म्हणायला लागले. सत्तार रोज खिडकीशी येऊन विचारायचा, “बाई, आज किती लग्नं लावायची?”

“पन्नास.”

“नवरा काठचा एक, नवऱ्या माळाच्या दोन. आन् हुंडा कुणाला?”

त्यावर सगळे हसायचे. कुमुदही हसायची.

हंगाम संपला तेव्हा सरासरी आली चौतीस पूर्णांक दोन. दाखला मिळाला, अनुदान आलं, खडकओहळच्या पोत्यावर निळ्या थेंबाचा शिक्का बसला. सर्वसाधारण सभेत कुमुदला शाल मिळाली. कारखान्याच्या इतिहासात प्रयोगशाळेतल्या माणसाला शाल मिळायची ती पहिलीच वेळ. आणि सगळा काठ खूश झाला, कारण काठाला काहीच बदलावं लागलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी काठावर आणखी चारशे एकर ऊस लागला.

कुमुदची धाकटी बहीण मालन वरच्या माळावर, करंजमाळला दिलेली. हे लग्न कुमुदनेच जमवलं होतं. मालनचा नवरा ट्रकवर असायचा, महिन्यातून चार दिवस घरी. शेत मालनच बघायची. तीस गुंठे ऊस, एक विहीर, आणि ठिबकच्या नळ्या ज्या ती स्वतः गुडघ्यावर बसून साफ करायची. सुरूची लागण, फेब्रुवारीत लावायची आणि पुढच्या फेब्रुवारीत तोडायची. दुसऱ्या हंगामात तिच्या शेतात टोळी आली ती नोव्हेंबरात.

दिवाळीच्या भाऊबीजेला मालन माहेरी आली. भाऊ नव्हता, म्हणून दोघी बहिणी एकमेकींनाच ओवाळायच्या. ताट खाली ठेवता ठेवता मालन म्हणाली, “आक्का, माझा ऊस नऊ महिन्यांत का तोडायला लावला?”

“कार्यक्रमात आला असंल.”

“कार्यक्रम कुणी केला?”

कुमुद करंजीचा तुकडा तोडत राहिली.

“मुकादम म्हणला, मॅडमचा कागद हाय, माळाचा ऊस लवकर आणा, जोडीला कमी पडतोय. पोटुशी बाई चालवत न्यावी तसा कवळा ऊस नेला माझा. रस न्हाई, वजन न्हाई. मी इचारलं, कुणाच्या जोडीला? तर म्हणला, काठच्या.”

“मालन, दाखला नसता मिळाला तर सगळ्यांचाच...”

“सगळ्यांचा म्हणजे कुणाचा ग?” मालनने निरांजन विझवलं. “माझा ऊस धुतल्या तांदळासारखा. त्यो त्यांच्या चिखलात कालवला, की ते सगळे स्वच्छ. मग मी काय झाले? साबण?”

कुमुदने तिच्या हातावर साडीची घडी ठेवली. मालनने ती घेतली, पण त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, उपास आहे. भाऊबीजेला कुणाचा उपास असतो?

त्यानंतर कुमुद पहिल्यासारखी हसली नाही. पण कार्यक्रम चालूच राहिला. एकदा गाडी उताराला लागली की ब्रेक कुणी मारायचा, हा प्रश्न प्रत्येकजण शेजारच्याला विचारतो. तिने एकच गोष्ट केली. नियमाप्रमाणे तिने फक्त मिश्र रस तपासायचा होता. ती प्रत्येक गाडीचा तपासत राहिली आणि प्रत्येक आकडा गाडीच्या आणि शेताच्या गट नंबरासकट साठवत राहिली. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. जिभेला आलेली चव थुंकून टाकायची तिला सवय नव्हती, एवढंच.

तिसऱ्या हंगामाआधी पाऊस कमी झाला. जानेवारीतच हुकूम निघाला, की धरणातलं उरलेलं पाणी फक्त पिण्यासाठी राखीव. माळावरच्या बावीस गावांच्या नळयोजना त्या पाण्यावर. हुकुमाची प्रत कारखान्याच्या फलकावर लागली, तिच्या शेजारी गाळपाचे रोजचे आकडे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, मालन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. चपला बाहेर काढून आत आली, जशी काही देवळात आली. हातात स्टीलचा डबा आणि एक उसाचं टिपरं.

“नळाला बारा दिवस झालं पाणी न्हाई,” ती म्हणाली. “योजनेवाला म्हणतो, धरणात पाणीच न्हाई. जानेवारीत तर म्हणत हुते जुलैपर्यंत पुरंल. बारा दिवसांखाली जे शेवटचं आलं त्यातलं थोडं ह्या डब्यात ठेवलंय. आन् हे टिपरं तुमच्या दारातल्या गाडीतलं, मी उपसून आणलं. तुझ्या त्या मशीनला इचार, दोघांची काय ओळख हाय का.”

कुमुदने आधी नळाचं पाणी टाकलं. शहाऐंशी. मग टिपऱ्याचा रस काढला. साखरेचा आकडा आला एकसष्ट. रसातल्या पाण्याचा आकडा आला शहाऐंशी.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

“सांग की,” मालन म्हणाली. “मला काय आकडा कळत न्हाई.”

“साखर म्हणते, ऊस वर्षभर धरणाचंच पाणी प्यायला. ते माहीत होतं. पण पाणी म्हणतं, हा ऊस गेल्या पंधरा दिवसांत तळाचं पाणी प्यायला. जे तुमच्या नळाला यायचं होतं ते.”

“पंधरा दिवसांत? तोडीच्या तोंडावर?”

दोघींना एकदमच कळलं. उसाच्या मुलखात वाढलेल्या कुणालाही कळेल. तोडीआधी तीन आठवडे पाणी बंद करायचं असतं, म्हणजे साखर भरते. पण वजन काट्यावर होतं, गोडीवर नाही. म्हणून लबाड माणूस तोडीआधी ऊस भिजवतो. पाणी उसात चढतं, ऊस काट्यावर चढतो. पुढे कारखाना तोच रस उकळतो आणि ते पाणी वाफ होऊन धुराड्याच्या वर निघून जातं. बावीस गावांच्या घशाचं पाणी इतक्यासाठी ओढलं होतं. काट्यावर दोन मिनिटं उभं राहायला.

मालनने डबा उचलला. उरलेलं पाणी तिने मोरीत ओतलं नाही. झाकण लावलं आणि बरोबर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी कुमुदने सुट्टी टाकली आणि सत्तारला म्हणाली, “मला धरणात ने.”

“धरणावर म्हणा, बाई. धरणात आता मासा बी जात न्हाई.”

पण ते धरणातच गेले. भिंतीवरून न जाता काठच्या गाडीवाटेने सत्तारची मोटरसायकल थेट पात्रात उतरली. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मधोमध पाण्याचं एक हिरवट डबकं, आणि त्या डबक्याकडे चहूबाजूंनी गेलेले चर. पोकलेनने खणलेले, सरळ रेषेत, पुरुषभर खोल. प्रत्येक चराच्या तोंडाशी मोटार. मोटारी चालू होत्या. कुमुदने मोजल्या, एकतीस.

“चोरून करतात म्हणावं, तर किती खुशाल,” ती म्हणाली.

“चोरून कशाला?” सत्तारने हाताने दाखवलं. “वर बघा की.”

धरणाच्या कोरड्या पोटातून विजेचे खांब गेले होते. नवे, सिमेंटचे. प्रत्येक खांबावर पिवळ्या रंगात नंबर. सात, आठ, नऊ, अशी ओळ एकोणीसपर्यंत. तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेणाऱ्याच्या खांबाला नंबर नसतो. आकडा टाकणाऱ्याला मुळात खांबच नसतो. नंबर म्हणजे कुणीतरी अर्ज केला, कुणीतरी पाहणी केली, आणि पिण्यासाठी राखीव ठेवलेल्या पाण्याच्या मधोमध वीज न्यायला कुणीतरी हो म्हटलं.

कुमुदने तेरा खांबांचे तेरा फोटो काढले.

हंगाम संपायला आठवडा होता. जगदाळ्यांनी तिला बोलावलं. टेबलावर दाखल्याचा अर्ज तयार होता. सरासरी तेहतीस पूर्णांक आठ. खाली प्रयोगशाळा प्रमुखाच्या सहीची जागा रिकामी.

“सर, ही सरासरी खरी आहे,” कुमुद म्हणाली.

“मग करा सही.”

“आणि तरी हा कागद खोटा आहे.”

जगदाळ्यांनी चहा पुढे सरकवला. “ढवणबाई, मी काठचा नाही. माझी उसाची एक काडी नाही. पण विचार करा. तुम्ही सही केली नाहीत तर दाखला नाही. दाखला कारखान्याला एकच मिळतो. तो गेला तर काठवाले दुसऱ्या कारखान्याला ऊस घालतील, त्यांची वाहनं आहेत, ओळखी आहेत. मरेल कोण? माळावरचा. तुमची बहीण करंजमाळला आहे ना?”

हे बोलताना त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. होती ती काळजी, आणि म्हणूनच ते जास्त जड गेलं. कारण ते खरं होतं. नियमच असा होता, की चोराला पकडायचं तर आधी प्रामाणिक माणसाला बुडवावं लागेल. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा काढता येत होता, चाळीस सेकंदांत, आणि नियम म्हणत होता की काढू नका.

“मला दोन दिवस द्या,” ती म्हणाली.

“दोन काय, तीन घ्या. पण चौथ्या दिवशी सही.”

ती करंजमाळला गेली. मालन टँकरच्या रांगेत होती. दोन घागरी भरल्या, तशी एक डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन ती निघाली. वाटेने चालताना कुमुदने सगळं सांगितलं. सही केली तर काय, नाही केली तर काय.

“तू खरं लिवलंस तर नळाला पाणी यील?” मालनने विचारलं.

“लगेच नाही. येईल की नाही तेही सांगता येत नाही.”

“आन् माझा ऊस?”

“यंदाचं अनुदान जाईल. पुढचंही कदाचित.”

मालन थांबली. डोक्यावरची घागर उतरवून तिने वाटेत ठेवली. “मग मला कशाला इचारतीस? मी म्हणावं, लिही आक्का, माझं जाऊ दे? म्हंजी तू सुटलीस. का म्हणावं, नको लिहू? म्हंजी बी तू सुटलीस. मागल्या साली माझा ऊस कवळा तोडलास तवा इचारलं हुतंस?”

“नाही.”

“मग आता बी इचारू नको. माफी पायजे असंल तर ती माझ्याकडं न्हाई. कर तुला काय करायचं ते. मात्र एक कर, माझं नाव पुढं करू नको. त्या एमडीवानी.”

तिने घागर पुन्हा उचलली. कुमुदने दुसरी घागर घेतली. घरापर्यंत दोघी चालल्या. मालनने नको म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी कुमुदने सही केली नाही. तिने तिन्ही हंगामांतल्या सगळ्या गाड्यांचे आकडे, यंदाच्याच एकोणीस हजारांवर, गट नंबरासकट तुमच्या कार्यालयाला पाठवले. साखरेचा आकडा वेगळा, पाण्याचा वेगळा. धरणातलं पाणी दर आठवड्याला किती जड होत गेलं त्याचं कोष्टक. तेरा खांबांचे फोटो. आणि सगळ्यांत वर तिचा स्वतःचा तोडणीचा कार्यक्रम, तिच्या सहीचा, त्यावर तिने लिहिलं होतं: ‘ही मिसळ मी शिकवली. चूक माझी आहे.’ जगदाळ्यांना ती आधी सांगून आली. ते म्हणाले, “निदान तो कार्यक्रमाचा कागद तरी ठेवायचा नव्हता. त्यात तुम्ही अडकाल.”

“तो नसला तर बाकीचं कोण खरं मानेल, सर?”

नऊ दिवसांत तुमचं पत्र आलं. इतक्या लवकर तुमच्याकडून टँकरही कधी आला नाही. ‘मिश्र रसाव्यतिरिक्त घेतलेले नमुने नियमबाह्य असल्याने विचारात घेता येत नाहीत.’ कुमुद निलंबित झाली. तिच्या जागी जिल्ह्याच्या गावाहून एक केमिस्ट आणला गेला. त्याने अर्ध्या तासात सही केली आणि दाखला मिळाला. निळ्या थेंबाची पोती बंदराकडे गेली. मालनला तिच्या वाट्याचं अनुदान मिळालं. ते तिने घेतलं, आणि त्यातून गावाच्या वेशीवर पाण्याची टाकी बसवली. टँकरवाला आता तिथे पाणी ओततो.

मग सुनावणी झाली. मोठं टेबल, पलीकडे तुम्ही, अलीकडे कुमुद. तुमच्यासमोर पाण्याची सीलबंद बाटली होती. तुम्ही शांतपणे विचारलंत, “मिश्र रसाची सरासरी तेहतीस पूर्णांक आठ होती. हे खरं की खोटं? एका शब्दात सांगा.”

“खरं.”

“मग तुमची तक्रार काय?”

कुमुदचा आवाज चढला नाही. प्रयोगशाळेत आकडा वाचून दाखवावा तसं ती बोलली.

“एक माणूस शेगडीवर बसलाय आणि दुसरा बर्फावर. तुम्ही दोघांची सरासरी काढून म्हणता, दोघेही मजेत आहेत. मी ते गणित तुम्हाला करून दिलं, त्याची शिक्षा मला द्या, मी घेते. माझ्या नोकरीबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. पण नियमबाह्य काय आणि नियमात काय, हे ठरवायला आपण बसलोच आहोत, तर माझं यंत्र जिथे थांबतं तिथून पुढचं तुम्ही सांगा. ऊस कोणतं पाणी प्यायला, ते जीभ सांगते. कोणत्या आठवड्यात प्यायला, तेही सांगते. कुणाच्या शेतातला, तेही आकड्यासमोर लिहिलंय. पण पाजायला वीज कुणी दिली, ते उसाच्या पोटात लिहिलेलं नसतं. ते तुमच्या कपाटात असतं.”

तुम्ही म्हणालात, हा या सुनावणीचा विषय नाही. लेखी उत्तर पाठवू. आणि बाटलीचं झाकण उघडलंत.

याला आज छत्तीस दिवस झाले. पुढच्या हंगामासाठी काठावर नव्या लागणीच्या सऱ्या पडल्यात. करंजमाळच्या नळाला अजून पाणी नाही. म्हणून जे तिने विचारलं तेच इथे चारचौघांत विचारतोय, म्हणजे विषय नाही असं म्हणायची सोय राहणार नाही. राखीव पाण्याच्या पोटात खांब क्रमांक सात ते एकोणीस उभे करायची परवानगी कुणी मागितली, कुणी दिली, आणि ज्या दिवशी दिली त्या दिवशी बावीस गावांनी काय प्यावं असं ठरलं होतं?

साहेब, उत्तर द्या.